इंट-हॅशवर एवढी बंधनं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आकडेमोडीचा एक हॅस्केल प्रोग्रॅम वेगवान करायचा म्हणून तुम्ही जीएचसीचं, म्हणजे हॅस्केल भाषेच्या कंपायलरचं, मॅजिकहॅश एक्स्टेन्शन चालू केलंत आणि इंट, डबल यांच्या जागी इंट-हॅश, डबल-हॅश, म्हणजे पॉइंटरमागे न ठेवलेले कच्चे आकडे, लिहायला घेतलंत. कंपायलरनं एकामागून एक नकार दिले. डबल-हॅशची लिस्ट होत नाही, मॉड्यूलच्या सर्वांत वरच्या पातळीवर इंट-हॅशचा स्थिरांक ठेवता येत नाही, स्वतःचाच उल्लेख करणारी इंट-हॅशची व्याख्या चालत नाही, आणि आयडी (मिळालं तेच परत देणारं) किंवा मॅप (लिस्टच्या प्रत्येक घटकाला फंक्शन लावणारं) अशा साध्या फंक्शनलाही ही मूल्यं देता येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे एक फंक्शन बिनतक्रार कंपाइल झालं, पण ‘भाजक शून्य असेल तर भागू नको’ अशी अट त्यात स्पष्ट लिहिलेली असूनही चालताना भागाकारावरच कोसळलं. कंपायलरचं हे काम अर्धवट राहिलंय की यामागे काही तत्त्व आहे, असं तुम्ही विचारलंय. आणि तत्त्व असेल, तर कंपायलरनं गरज पडेल तिथे मूल्य स्वतःच बॉक्स का करू नये, म्हणजे मेमरीतल्या हीप नावाच्या साठ्यात ठेवून त्याचा पॉइंटर का देऊ नये?

तत्त्व आहे, आणि ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. हे सगळे नकार दोनच प्रश्नांतून येतात: हे मूल्य काढायचं केव्हा, आणि यंत्रात ते राहणार कुठे. लेझी भाषेत, म्हणजे गरज पडेपर्यंत गणित न करणाऱ्या भाषेत, साध्या मूल्यांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे ढकलता येतात. अनबॉक्स्ड, म्हणजे बॉक्समध्ये न ठेवलेल्या, मूल्याची उत्तरं मात्र जागच्या जागी द्यावी लागतात.

साध्या इंटपासून सुरुवात करू. जीएचसीत इंट हा कंपायलरमध्ये खास गाडलेला टाइप नाही. तो चारचौघांसारखा डेटा टाइप आहे. त्याला आय-हॅश नावाचा एकच कन्स्ट्रक्टर आहे आणि त्याच्या आत एक इंट-हॅश आहे. 64-बिट यंत्रावर हीपमध्ये त्याला 16 बाइट लागतात, 8 हेडरला आणि 8 प्रत्यक्ष आकड्याला. जो कोणी तो इंट वापरतो त्याच्या हातात असतो 8 बाइटचा पॉइंटर. लिस्टच्या प्रत्येक कडीला आणखी 24 बाइट लागतात, त्यामुळे 10 लाख इंटांची पूर्ण काढलेली लिस्ट साधारण 4 कोटी बाइट खाते, आणि तेच आकडे सलग कच्चे ठेवले तर 80 लाख बाइटांत मावतात. तुम्हाला ज्या वेगाची ओढ आहे तो या फरकात आहे, आणि ती ओढ रास्तच आहे.

पण त्या पॉइंटरच्या पलीकडच्या टोकाला आकडा असेलच असं नाही. तिथे थंक असू शकतो, म्हणजे अजून न झालेलं गणित, त्याला लागणाऱ्या चलांसकट बांधून ठेवलेलं. कोणी त्या मूल्याला हात घातला की गणित होतं, थंकच्या जागी उत्तराकडे बोट दाखवणारी खूण बसते, आणि पुढच्यांना तयार उत्तर मिळतं. गणित कधीच संपलं नाही किंवा त्यातून अपवाद उडाला, तर त्या ‘मूल्या’ला आपण बॉटम म्हणतो. लेझी भाषेत बॉटमसुद्धा चलात ठेवता येतो, लिस्टमध्ये घालता येतो, फंक्शनला देता येतो. कोणी त्याला हात लावत नाही तोवर काहीही बिघडत नाही.

आता इंट-हॅश घ्या. तो म्हणजे निव्वळ 64 बिट. त्या बिटांची प्रत्येक मांडणी एकेका आकड्याच्या मालकीची आहे. ‘मी अजून काढलेलो नाही’ हे सांगायला एकही बिट शिल्लक नाही. म्हणून इंट-हॅशच्या चलात थंक राहू शकत नाही आणि बॉटमही राहू शकत नाही. ज्या टाइपमध्ये बॉटमला जागा आहे त्याला लिफ्टेड म्हणतात, ज्यात नाही त्याला अनलिफ्टेड.

इथे बहुतेकांची एक गफलत होते, माझीही बरीच वर्षं होती. अनबॉक्स्ड आणि अनलिफ्टेड हे एकच नव्हेत. बाइट-अ‍ॅरे-हॅश पाहा. तो हीपमध्ये राहतो, त्याच्याकडे पॉइंटरनंच जावं लागतं, म्हणजे तो बॉक्स्ड आहे. पण त्या पॉइंटरच्या टोकाला थंक कधीच नसतो, म्हणून तो अनलिफ्टेड आहे. उलट बाजूनं, अनबॉक्स्ड असून लिफ्टेड असा टाइप असूच शकत नाही, कारण थंक ठेवायचा तर पॉइंटर हवाच. 2021 मध्ये आलेल्या जीएचसी 9.2 पासून तर अनलिफ्टेड डेटाटाइप्स हे एक्स्टेन्शन वापरून आपण स्वतःचे बॉक्स्ड पण अनलिफ्टेड टाइप जाहीर करू शकतो. ‘केव्हा’मधून येणारी बंधनं सगळ्याच अनलिफ्टेड टाइपांना लागू होतात. ‘कुठे’मधून येणारी मात्र अनबॉक्स्डपणाशी जोडलेली आहेत. तुमच्या तक्रारी या दोन वाटांनी वेगळ्या केल्या की गुंता सुटतो.

आधी ‘केव्हा’. वरच्या पातळीवर तुम्ही एखादा साधा इंट लिहिता तेव्हा कंपायलर तिथे एक थंक ठेवून मोकळा होतो. प्रोग्रॅम चालताना पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा तो काढला जातो. त्याच जागी इंट-हॅश असता तर तो मेन सुरू होण्याआधीच काढून ठेवावा लागला असता. मग दोन मॉड्यूलांतले स्थिरांक एकमेकांवर अवलंबून असतील तर आधी कोणाचा? एखाद्याचं गणित संपलंच नाही तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही का? हॅस्केलमध्ये मॉड्यूल ‘सुरू होणं’ अशी पायरीच नाही, आणि केवळ या टाइपांसाठी ती आणली तर भाषेचा पायाच बदलेल. म्हणून सरसकट मनाई आहे. उपाय सोपा आहे: वरच्या पातळीवर साधा इंट ठेवा आणि वापरायच्या जागी आय-हॅशचं पॅटर्न लावून आतला आकडा काढा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर स्थिरांक सहसा वापराच्या जागीच येऊन बसतो आणि बॉक्स उरत नाही.

स्वतःचाच उल्लेख करणाऱ्या व्याख्येचंही तसंच. ‘एक्स म्हणजे 1, आणि त्यामागे पुन्हा एक्स’ अशी अनंत लिस्ट लेझी भाषेत एका ओळीत लिहिता येते, कारण एक्सचं मूल्य तयार होण्याआधी त्याचा पत्ता माहीत असतो आणि कडीमध्ये तो पत्ता लिहिता येतो. आकड्याला पत्ता नसतो. इंट-हॅशची व्याख्या स्वतःवर अवलंबून असेल तर ती काढण्यासाठी तीच आधी हवी, आणि वाट खुंटते. मात्र इंट-हॅश घेणारं आणि इंट-हॅश देणारं फंक्शन खुशाल स्वतःला बोलावू शकतं. फंक्शनचा स्वतःचा टाइप लिफ्टेडच असतो, त्याच्या आत येणाजाणारी मूल्यं काहीही असोत. ‘रिकर्शन चालत नाही’ असं वाचून काही जण लूप लिहायचंच सोडून देतात. त्याची काहीच गरज नाही.

तुमचं कोसळणारं फंक्शन याच वाटेवर येतं, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण बाकीच्या चुका कंपायलर पकडतो, ही तो पकडत नाही. फंक्शनचा आकार असा आहे: पहिल्या गार्डमध्ये, म्हणजे अटीच्या ओळीत, भाजक शून्य आहे का ते तपासलंय, असेल तर शून्य परत केलंय, दुसऱ्या गार्डमध्ये भागाकार परत केलाय, आणि तो भागाकार खाली व्हेअरमध्ये, म्हणजे फंक्शनच्या शेवटी व्याख्या लिहायच्या भागात, नाव देऊन ठेवलाय. हेच साध्या इंटवर लिहिलं तर निर्धोक आहे. व्हेअरमधला भागाकार थंक होऊन बसतो आणि पहिला गार्ड लागला तर त्याला कोणी हातच लावत नाही. इंट-हॅशवर मात्र व्हेअरमधलं नाव बांधणं म्हणजे त्या क्षणी गणित करणं. व्हेअर कागदावर खाली दिसत असलं तरी त्याची बांधणी गार्डांच्या आधी होते. म्हणजे भागाकार आधी आणि ‘शून्य आहे का’ ही विचारणा नंतर. शिवाय क्वॉट-इंट-हॅश हे प्रिमिटिव्ह (कंपायलरची अंगभूत क्रिया) थेट यंत्राची भागाकाराची सूचना वापरतं. शून्याची तपासणी करून हॅस्केलचा अपवाद उडवण्याचं काम साध्या इंटचं क्वॉट करतं, हे करत नाही. त्यामुळे एक्स-86 यंत्रावर सरळ प्रोसेसच मरते आणि तुमचा अपवाद पकडणारा कोड बघत राहतो.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती बरेच दिवस सापडली नव्हती, कारण ऑप्टिमायझेशन चालू असताना प्रोग्रॅम नीट चालायचा. अपयशी ठरू शकणारं पण बाकी काही परिणाम न करणारं असं गणित गरज असलेल्या फांदीत आत सरकवण्याची मुभा ऑप्टिमायझरला असते, आणि त्यानं ते आत सरकवलं होतं. तपासणीसाठी ऑप्टिमायझेशन बंद करून बांधलं आणि पहिल्याच शून्याला कोसळलं. ऑप्टिमायझरच्या मर्जीवर असा कोड सोडू नका. भागाकार दुसऱ्या गार्डच्या उजव्या बाजूला थेट लिहा, किंवा केस वापरून क्रम डोळ्यांना दिसेल असा ठेवा.

जीएचसीच्या आतल्या कोअर भाषेत हा भेद उघड दिसतो. तिथे लेट म्हणजे थंक बांधणं आणि केस म्हणजे आत्ता काढणं. अनलिफ्टेड टाइपचं लेट कोअरमध्ये फक्त तेव्हाच चालतं, जेव्हा उजव्या बाजूचं गणित आधी केलं काय आणि नंतर केलं काय, काहीच फरक पडणार नसतो. बेरीज अशी आहे, भागाकार नाही. तुम्ही सोर्समध्ये लेट लिहिलंत तरी कंपायलर गरजेप्रमाणे त्याचं केस करतो. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही लेट सारखेच दिसतात, फरक फक्त टाइपमध्ये असतो, आणि ही या रचनेची खरी उणीव आहे असं माझं मत आहे. एखाद्या कन्स्ट्रक्टरचं पॅटर्न लावून आतला इंट-हॅश बाहेर काढत असाल, तर जीएचसी पुढे उद्गारचिन्ह (‘आत्ता काढ’ अशी खूण) लावायला सांगतो. तिथे निदान वाचकाला इशारा मिळतो.

आता ‘कुठे’. आयडी हे फंक्शन कंपाइल होतं एकदाच. तेच यंत्रसंकेत इंट, स्ट्रिंग, फंक्शन अशा सगळ्यांना चालतात, कारण सगळे एकाच रूपात येतात: एक पॉइंटर, ठरलेल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत). डबल-हॅश फ्लोटिंग पॉइंटच्या रजिस्टरमध्ये येतो. दोन मूल्यांचं अनबॉक्स्ड टपल दोन रजिस्टरांत येतं. ‘कुठलाही ए’ घेणाऱ्या फंक्शनला आपला ए कुठे शोधायचा हेच कळणार नाही. गार्बेज कलेक्टरची, म्हणजे निरुपयोगी झालेली मेमरी परत घेणाऱ्या यंत्रणेची, अडचण तर याहून गंभीर आहे. हीपमधल्या प्रत्येक वस्तूत पॉइंटर कोणते आणि कच्चे बिट कोणते, हे त्या वस्तूच्या हेडरमधून मिळणाऱ्या माहितीवरून त्याला कळतं. लिस्टची कडी ‘माझ्यात दोन पॉइंटर आहेत’ असं सांगते. तिथे कच्चा आकडा बसला तर कलेक्टर त्याला पत्ता समजून भलत्याच जागी जाईल. म्हणून डबल-हॅशची लिस्ट नाही, मेबी (‘मूल्य असेल किंवा नसेल’ असा टाइप) नाही, मॅप नाही. तुमच्या स्वतःच्या डेटा टाइपमध्ये मात्र डबल-हॅशचं फील्ड बिनदिक्कत ठेवता येतं. तिथे मांडणी कंपाइल होतानाच पक्की होते आणि हेडरमध्ये तशी नोंद होते.

हा नियम टाइपच्या टाइपात, म्हणजे काइंडमध्ये, लिहिलेला आहे. अनबॉक्स्ड मूल्यांना भाषेत उघडपणे स्थान देण्याची कल्पना सायमन पेटन जोन्स आणि जॉन लाँचबरी यांनी 1991 मध्ये मांडली, आणि टाइप-चलाच्या (‘कुठलाही ए’मधल्या एच्या) जागी अनबॉक्स्ड टाइप बसवायचा नाही हे बंधन तेव्हापासूनचं आहे. पुढे बराच काळ साध्या टाइपांचं काइंड तारा आणि अनलिफ्टेड टाइपांचं काइंड हॅश असं होतं, आणि काही मोजक्या फंक्शनांसाठी कंपायलरमध्ये पळवाट होती. एरर (संदेश देऊन अपवाद उडवणारं) हे त्यातलं एक, कारण ‘इथे इंट-हॅश हवा होता पण चूक झाली’ असं म्हणता यायला हवं. पण तुम्ही एररला गुंडाळणारं स्वतःचं फंक्शन लिहून त्याला टाइप दिलात की ती सवलत जायची. 2016 च्या जीएचसी 8.0 मध्ये हे नीट झालं. काइंडमध्येच मूल्याचं रूप लिहिलं जाऊ लागलं: पॉइंटर, पूर्णांक, डबल, टपल. त्या रूपावरही चल ठेवता येऊ लागलं. रिचर्ड आयझेनबर्ग आणि पेटन जोन्स यांनी 2017 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला.

त्यातून उरलेला नियम मला फार सुंदर वाटतो. फंक्शन रूपाबाबत मोकळं असू शकतं, पण ज्याचं रूप माहीत नाही अशा मूल्याला ते नाव देऊ शकत नाही आणि ते दुसऱ्या फंक्शनला पुरवू शकत नाही. परत करायला हरकत नाही. एररला हे जमतं, कारण ते कधी परतच येत नाही, मूल्य हाताळायचा प्रश्नच नसतो. याचा एक चमत्कारिक परिणाम पाहा. एखादा टाइपक्लास (अनेक टाइपांना समान क्रिया देणारा गट) रूपाबाबत मोकळा केला आणि त्यात निरपेक्ष किंमत काढणारं अ‍ॅब्स ठेवलं. आता ‘अ‍ॅब्स-दोन म्हणजे अ‍ॅब्स’ अशी व्याख्या तशाच मोकळ्या टाइपनं चालते, पण ‘अ‍ॅब्स-दोन एक्स म्हणजे अ‍ॅब्स एक्स’ चालत नाही. गणितात दोन्ही एकच. पण दुसरीत एक्स हे नाव आलं, आणि एक्स कोणत्या रजिस्टरमधून घ्यायचा हे कंपायलरला सांगता येत नाही.

बेरजेचं साधं चिन्ह इंट-हॅशवर चालत नाही तेही याचमुळे: ते चिन्ह ज्या नम क्लासमधून येतं त्याचा टाइप-चल लिफ्टेड आहे. तुलना करणारी प्रिमिटिव्हं बूलऐवजी 1 किंवा 0 असा इंट-हॅश देतात, त्याला इज-ट्रू-हॅश लावा. न्यूटाइपच्या (एकाच फील्डच्या वेष्टन-टाइपच्या) आत अनबॉक्स्ड टाइप ठेवायची मनाई जीएचसी 8.10 मधल्या अनलिफ्टेड न्यूटाइप्सनं उठली. जुन्या लेखांतली काही बंधनं अशी सैल झाली आहेत, तेव्हा वाचताना ते लेख कुठल्या आवृत्तीचे आहेत ते पाहा.

राहिला तुमचा शेवटचा सवाल: कंपायलरनं गपचूप बॉक्स का करू नये? तसं केलं तर लिस्टमध्ये टाकलेला प्रत्येक डबल-हॅश पुन्हा हीपवर जाईल, आणि तुम्ही हॅश लिहिलात ते नेमकं टाळण्यासाठी. इथे नकार हीच उपयोगी माहिती आहे. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक रूपासाठी फंक्शनची वेगळी प्रत काढणं. रस्ट तसंच करतं, स्टँडर्ड एमएलचा एमएलटन कंपायलरही तसंच करतो. पण हॅस्केलमध्ये पॉलिमॉर्फिक रिकर्शन आहे (फंक्शन स्वतःला वेगळ्याच टाइपवर बोलावू शकतं), एक्झिस्टेन्शियल टाइप आहेत (आतला खरा टाइप लपवणारे), मॉड्यूलं सुटी कंपाइल होतात. कोणत्या प्रती लागतील याची यादी आधी पूर्ण होईलच असं नाही. ओकॅमलनं तिसरी वाट धरली: पूर्णांकाचा एक बिट राखून 63 बिटांचे पूर्णांक, म्हणजे पॉइंटर आणि आकडा चालताना ओळखता येतात. त्या भाषेला ते शोभतं, कारण ती लेझी नाही. आकडा आधीच काढलेला असतो, ‘केव्हा’ हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

आता तुमच्या प्रोग्रॅमकडे. सगळीकडचे हॅश आधी काढून टाका आणि साध्या इंट-डबलवर परत या. बेरीज साठवत जाणाऱ्या आर्ग्युमेंटांवर उद्गारचिन्ह लावा, रेकॉर्डमधली आकड्यांची फील्डं स्ट्रिक्ट, म्हणजे लगेच काढली जाणारी, करा आणि त्यांना अनपॅक प्रॅग्मा (आकडा फील्डमध्येच थेट ठेवण्याची सूचना) द्या. मग ओ-2 (ऑप्टिमायझेशनची पातळी) लावून कंपाइल करा आणि कोअर छापून बघा. फंक्शन स्ट्रिक्ट आहे हे जीएचसीला कळलं की तो स्वतःच त्याचे दोन भाग करतो: बाहेरचा छोटा भाग बॉक्स उघडतो, आणि आतला, डॉलर-डब्ल्यूनं सुरू होणाऱ्या नावाचा भाग थेट इंट-हॅश आणि डबल-हॅशवर चालतो. तुम्ही हातानं जे लिहू पाहत होता तेच तिथे दिसेल, आणि गार्डांचा क्रमही शाबूत राहील. लिस्टच्या जागी व्हेक्टर लायब्ररीचा अनबॉक्स्ड व्हेक्टर घ्या. त्याचा साठा बाइट-अ‍ॅरेमध्ये असतो, आणि कुठला घटक टाइप कसा मांडायचा हे एका क्लासमधून ठरतं, म्हणून तिथे ‘कुठे’चं उत्तर मिळतं. हे सगळं करूनही एखाद्या आतल्या लूपमध्ये बॉक्स उरलेला दिसला, तर तेवढ्या एका फंक्शनमध्ये हॅश लिहा, आणि त्यातला भागाकार व्हेअरमध्ये ठेवू नका.